मेनफ्रेमची खतावणी

जुन्या पेढीवर ज्यांनी कीर्द-खतावणी हाताळली असेल, त्यांना खतावणीची एक ठेवण आठवत असेल. वहीच्या आरंभीची काही पाने दिवाणजी मुद्दाम कोरी सोडीत. त्या पानांवर खातेदारांची नावे अक्षरानुक्रमाने येत आणि प्रत्येक नावापुढे त्याचे खाते कोणत्या पानावर आहे तो आकडा पडे. पुढील सारी वही खात्यांसाठी. गिऱ्हाईक दारात आले की दिवाणजींनी पहिल्या पानांवर नजर टाकावी, आकडा पाहावा आणि नेमके ते पान उघडावे. शेकडो पाने चाळण्याचा खटाटोप वाचे. सोय मोठी होती. पण एक गोष्ट वही घालतानाच ठरवावी लागे. अनुक्रमणिकेसाठी पाने किती सोडायची? दहा सोडली आणि गिऱ्हाइके वाढली, तर वहीच्या पोटात कोरी पाने शिल्लक असूनही नवे नाव लिहावयास जागा उरत नसे. पन्नास सोडली आणि गिऱ्हाइके आलीच नाहीत, तर ती पाने फुकट जात.

श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तीही अशीच एक खतावणी आहे; मात्र ती कागदाची नाही. मोठ्या बँका, विमा संस्था आणि विमान कंपन्या ह्यांचे हिशेब ज्या मेनफ्रेम नावाच्या मोठ्या संगणकांवर चालतात, त्यांच्या डिस्कवर ती असते. तिचे नाव पार्टिशन्ड डेटा सेट. ह्या धंद्यातील लोक तिला पीडीएस म्हणतात, किंवा नुसतेच लायब्ररी. संगणकाला कामे सांगणाऱ्या आज्ञावली, कामांच्या याद्या, यंत्राला कळेल अशा रूपात सिद्ध केलेले प्रोग्रॅम, हे सारे तिच्यात साठविलेले असते. आपण बँकेत पैसे भरतो तेव्हा ह्या वहीशी आपली गाठ पडत नाही; परंतु आपल्या खात्यावर व्याज चढविणारा प्रोग्रॅम अशाच एखाद्या वहीत एका नावाखाली ठेवलेला असण्याचा संभव मोठा. तेव्हा ह्या वहीच्या मर्यादा कोणत्या, त्या कोठून आल्या आणि इतक्या वर्षांनंतरही त्या का टिकून राहिल्या, हे समजून घेणे अगदीच निरुपयोगी ठरू नये.

प्रथम जन्मकथा पाहू. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. लहानमोठी अनेक यंत्रे, पण सर्वांची भाषा एक, ही त्या मालिकेमागील कल्पना होती. त्या यंत्रांसाठी ओएस/३६० नावाची कार्यप्रणाली फ्रेडरिक ब्रूक्स ह्यांच्या नेतृत्वाखाली लिहिली गेली आणि १९६६ पासून ती ग्राहकांच्या हाती पडू लागली. पीडीएस ही त्या प्रणालीचीच देणगी. त्या काळच्या साधनसामग्रीची कल्पना आज सहसा येत नाही. मालिकेतील मॉडेल ३० ह्या यंत्राची स्मृती फार झाली तर ६५,५३६ अक्षरांची. सोबतच्या २३११ ह्या डिस्कवर ७२ लाख ५० हजार अक्षरे मावत. तिच्या दहा पृष्ठभागांवर प्रत्येकी दोनशे वर्तुळाकार मार्ग, म्हणजे ट्रॅक, असे दोन हजार ट्रॅक. आणि एका ट्रॅकवर ३,६२५ अक्षरे. एवढ्या संसारात शेकडो लहान प्रोग्रॅम सुटे सुटे ठेवले असते, तर प्रत्येकासाठी निदान एक अख्खा ट्रॅक अडला असता. म्हणून पुष्कळ लहान वस्तू एकाच मोठ्या पेटीत ठेवाव्या आणि पेटीच्या तोंडाशी यादी लावावी, हा विचार पुढे आला. हिशेब काटकसरीचा होता आणि चोख होता.

आता त्या पेटीची रचना पाहू. पीडीएसमध्ये जी वस्तू ठेवावयाची तिला मेंबर म्हणतात. मेंबरचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे. पेटीच्या आरंभी डिरेक्टरी, म्हणजे अनुक्रमणिका असते. ही अनुक्रमणिका २५६ अक्षरांच्या तुकड्यांची बनलेली असते. प्रत्येक तुकड्यातील पहिली दोन अक्षरे तो किती भरला आहे ह्या नोंदीसाठी जातात. उरलेल्या २५४ अक्षरांत मेंबरांच्या नोंदी. एका नोंदीत आठ अक्षरे नावाची, तीन अक्षरे पत्त्याची आणि एक अक्षर पुढे आणखी काही टिपण आहे काय ते सांगणारे, अशी किमान बारा अक्षरे लागतात. तीन अक्षरांच्या पत्त्यापैकी दोन अक्षरे पेटीच्या आरंभापासून कितवा ट्रॅक ते सांगतात आणि तिसरे त्या ट्रॅकवरील कितवा ठोकळा ते सांगते. नावे नेहमी अक्षरक्रमाने लावलेली असतात. ह्यातही एक युक्ती होती. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर त्या तुकड्यातील शेवटचे नाव लिहिलेले असे. त्यामुळे ‘ह्या नावाइतके किंवा त्याच्यापुढचे नाव ज्याच्या माथ्यावर असेल तो पहिला तुकडा आणून दे’ एवढी आज्ञा डिस्कच्या यंत्रणेलाच देता येई. शोधाचे काम मुख्य यंत्राच्या तोकड्या स्मृतीवर पडत नसे.

ह्या सुबक रचनेतूनच पहिली मर्यादा निपजली. अनुक्रमणिका पेटीच्या तोंडाशी, सलग आणि क्रमवार असावयाची, तर तिची जागा आधीच राखून ठेवणे भाग. म्हणून नवी लायब्ररी मागताना प्रोग्रॅमरला तीन आकडे द्यावे लागतात: आरंभी जागा किती हवी, ती संपल्यावर दर वेळी किती वाढवावी, आणि अनुक्रमणिकेचे तुकडे किती. पहिली जागा अपुरी पडली तर दुसऱ्या आकड्याच्या आधारे ती काही वेळा वाढू शकते. तिसरा आकडा मात्र जन्मभर बदलत नाही. दहा तुकडे मागितले, तर बारा अक्षरांच्या नोंदी एका तुकड्यात एकवीस ह्या हिशेबाने जवळजवळ २१० मेंबर मावतात. परंतु आयएसपीएफ ह्या संपादकातून मेंबर लिहिला, तर तो संपादक प्रत्येक नोंदीत मेंबर कधी निर्माण झाला, केव्हा बदलला, ओळी किती, शेवटचा हात कोणाचा, असे तीस अक्षरांचे टिपण जोडतो. मग नोंद बेचाळीस अक्षरांची होते, तुकड्यात सहाच नोंदी मावतात आणि तेच दहा तुकडे सुमारे साठ मेंबरांत भरून जातात. वही तीच, पाने तीच. दिवाणजींचे अक्षर तेवढे मोठे झाले.

ह्या मर्यादेचा जाच तिच्या प्रकट होण्याच्या वेळेमुळे अधिक वाटतो. मेंबरचा मजकूर आधी डिस्कवर लिहिला जातो आणि नाव अनुक्रमणिकेत सर्वांत शेवटी चढते. त्यामुळे काम रात्रभर चालावे, मजकूर पुरता लिहून व्हावा आणि वही मिटताना ‘नाव लिहावयास जागा नाही’ असे उत्तर मिळावे, असे घडते. बी१४ ह्या सांकेतिक क्रमांकाने मेनफ्रेमवरील लोक ही आपत्ती ओळखतात. उपाय एकच. मोठी अनुक्रमणिका असलेली नवी लायब्ररी घालायची, जुनीतील सर्व मेंबर तीत उतरवून घ्यायचे, जुनी मोडायची आणि नवीला जुनीचे नाव द्यायचे. उपाय कठीण नाही; पण तोवर ती लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्यांनी हात आवरून बसावे लागते.

दुसरी मर्यादा जागेच्या नासाडीची. खतावणीतील एखादे खाते बंद झाले तर अनुक्रमणिकेतील नावावर रेघ मारली जाते. खात्याची पाने वहीतून फाडली जात नाहीत. पीडीएसचे तसेच आहे. मेंबर पुसला म्हणजे त्याचे नाव तेवढे जाते. त्याने व्यापलेली जागा मोकळी धरली जात नाही. इतकेच नव्हे, तर मेंबरमध्ये एका अक्षराची दुरुस्ती करून तो पुन्हा जतन केला, तरी संपादक जुन्या जागी लिहीत नाही. लायब्ररीच्या शेवटी नवी प्रत लिहिली जाते, अनुक्रमणिकेतील पत्ता बदलतो आणि जुनी प्रत निनावी होऊन पडून राहते. ऐंशी अक्षरी तीनशे ओळींचा प्रोग्रॅम घेतला तर त्याची अक्षरे चोवीस हजार भरतात. ३३९० जातीच्या डिस्कवरील ट्रॅक ५६,६६४ अक्षरांचा असतो, तेव्हा अशा दोन प्रती एका ट्रॅकवर बसतात. प्रोग्रॅमरने दिवसात दहा वेळा दुरुस्ती जतन केली, की एका प्रोग्रॅमसाठी पाच ट्रॅक गेले. त्यांतील उपयोगाचा अर्धाच. अशा रीतीने लायब्ररी आपल्याच टाकून दिलेल्या प्रतींनी भरत जाते.

ह्यावर उपाय म्हणून आयईबीकॉपी ह्या साधनाने लायब्ररी ‘काँप्रेस’ करतात. ह्या शब्दाचा अर्थ येथे मजकूर लहान करणे असा नाही. जिवंत मेंबर एकेक करून पुढे सरकवायचे, मधल्या मृत जागा बुजवायच्या आणि शेवटी सगळी मोकळी जागा एकत्र आणायची, असे हे काम आहे. ते त्याच लायब्ररीत, जागच्या जागी, केले जाते तेव्हा त्यात धोका असतो. मेंबर एका ठिकाणाहून उचलला आहे, दुसरीकडे पुरता ठेवला नाही आणि त्याच क्षणी यंत्र बंद पडले किंवा कोणी काम मध्येच तोडले, तर अनुक्रमणिका एक सांगते आणि पानांवर दुसरेच असते. त्याच वेळी दुसरा कोणी त्या लायब्ररीतून वाचीत असेल, तर त्यालाही जुन्या पत्त्यावर भलताच मजकूर मिळतो. म्हणून आधी प्रत काढून ठेवावी, लायब्ररी इतरांना बंद करावी आणि मगच काँप्रेस करावे, हा दंडक जाणते लोक पाळतात.

तथापि ह्या नासाडीला एक अनपेक्षित बाजू आहे. चुकून पुसलेला मेंबर खऱ्या अर्थाने गेलेला नसतो. काँप्रेस होईपर्यंत त्याचा मजकूर जागच्या जागी असतो. त्याचा पत्ता शोधून अनुक्रमणिकेत त्याचे नाव पुन्हा लिहिता आले, तर मेंबर परत मिळतो. अशी साधनेही पुढे लोकांनी तयार केली. जी रचना जागा उधळते, तीच चुकलेल्या माणसाला माघारी येण्यास थोडी वाट ठेवते.

तिसरी मर्यादा मला स्वतःच्या अनुभवाने कळली. साल १९९८. दोन हजार सालच्या प्रश्नाची तेव्हा सर्वत्र घाई उडाली होती. वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची जुनी सवय असल्यामुळे २००० साल उजाडताच ००चा अर्थ १९०० असा होईल, ह्या भीतीने लक्षावधी ओळी तपासल्या जात होत्या. मुंबई-पुण्याकडील अनेक तरुण तेव्हा परदेशांतील मेनफ्रेमवर रात्री काम करीत. त्यांतलाच मी एक. एका कामात मला एक अहवाल लिहून ठेवावयाचा होता. तो लायब्ररीतील अमुक मेंबरमध्ये जावा, असे नियंत्रणाच्या ओळीत सांगावयाचे, तर लायब्ररीच्या नावापुढे कंसात मेंबरचे नाव हवे. रात्री दोनच्या सुमारास ते कंस आणि ते नाव लिहावयाचे माझ्याकडून राहून गेले.

यंत्राने विचारले काहीच नाही. मेंबरचे नाव नाही, तेव्हा संपूर्ण पेटी ही एकच सलग फाइल आहे असे समजून त्याने पहिल्या ट्रॅकपासून अहवाल लिहिण्यास सुरुवात केली. आणि पहिल्या ट्रॅकवर असते काय, तर अनुक्रमणिका. ती गेली. शिवाय अहवालाची ओळ १३३ अक्षरांची आणि लायब्ररीतील ओळी ऐंशी अक्षरांच्या. पीडीएसमध्ये ओळीची लांबी, ठोकळ्याचा आकार इत्यादी लक्षणे प्रत्येक मेंबरसाठी वेगळी नोंदलेली नसतात. साऱ्या पेटीवर एकच चिठ्ठी असते. माझ्या अहवालाने ती चिठ्ठीही बदलली. चारशेहून अधिक प्रोग्रॅम डिस्कवर होते आणि कोणालाही उघडता येत नव्हते.

सकाळपर्यंत आदल्या रात्रीचा बॅकअप परत आणला गेला आणि बहुतेक सारे मिळाले. परंतु मधल्या दिवसात माझ्या सात सहकाऱ्यांनी केलेल्या दुरुस्त्या त्या बॅकअपात नव्हत्या. तिकडील एका वयस्क प्रोग्रॅमरने फोनवरून माझी समजूत घातली. पाने शाबूत आहेत, अनुक्रमणिका तेवढी गेली आहे, असे तो म्हणाला. मग त्याने डिस्कचे ट्रॅकच्या ट्रॅक जसेच्या तसे छापून काढले आणि त्या कागदांच्या ढिगातून आम्ही दुरुस्त केलेल्या ओळी शोधून काढल्या. तीन दिवस गेले. मला कोणी फार बोलले नाही. त्या ढिगाशी वाकून बसलेले ते सात सहकारी मात्र माझ्या डोळ्यांपुढून अद्यापि हलत नाहीत. एका कंसाची किंमत सात माणसांचे तीन दिवस इतकी असू शकते, हे मी त्या वेळी शिकलो.

ह्या प्रसंगातून आणखी दोन मर्यादा लक्षात येतात. बॅकअप घ्यावयाचा तो सबंध लायब्ररीचा. एकच मेंबर परत हवा असला तरी संपूर्ण लायब्ररी दुसऱ्या नावाने उतरवून घ्यावी लागते आणि तीतून तो एक मेंबर उचलावा लागतो. परवानगीचेही तसेच. कोणाला वाचू द्यावे आणि कोणाला लिहू द्यावे, हे जुन्या पीडीएसच्या बाबतीत पेटीपुरते ठरते. एका मेंबरवर लिहिण्याचा अधिकार दिला, की शेजारच्या चारशे मेंबरांवर लिहिण्याचा अधिकार आपोआप दिला गेला. माझ्या हाती पेटीची किल्ली होती म्हणूनच माझ्या चुकीला पेटीएवढा विस्तार मिळाला.

एकाच वेळी अनेकांनी काम करण्याचा प्रश्न ह्याच जातीचा आहे. नवा मजकूर नेहमी लायब्ररीच्या शेवटी लिहिला जातो, म्हणजे लिहिण्याची जागा एकच. दोन दिवाणजी एकाच वहीच्या त्याच कोऱ्या पानावर एकदम लिहू लागले तर जे होईल, ते येथे होते: एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा मजकूर सापडतो. काम सुरू करताना लायब्ररी एकट्यासाठी मागितली, तर इतर सर्वांना थांबावे लागते. सामाईक मागितली, तर हा धोका पत्करावा लागतो. एकाच यंत्रावर दुसरा लेखक लायब्ररी उघडू पाहील तर त्याला अडविण्याचा पहारा प्रणालीने ठेवला आहे. तेथे दुसऱ्याचे काम २१३ क्रमांकाच्या त्रुटीने मोडते. आयएसपीएफ संपादकही मेंबरपुरते कुलूप लावतो. पण ते कुलूप म्हणजे त्या संपादकातून काम करणाऱ्यांचा आपसांतील संकेत. मागच्या दाराने चाललेल्या कामाला तो संकेत ठाऊक असेलच असे नाही.

शेवटी आकाराची मर्यादा. पीडीएस एकाच डिस्कवर असावी लागते. ती दोन डिस्कांवर पसरू शकत नाही. त्या डिस्कवरही तिला जास्तीत जास्त सोळा तुकड्यांत जागा मिळते. आणि पत्त्यासाठी ट्रॅकचा आकडा दोन अक्षरांतच लिहावयाचा असल्याने, संगणकाच्या त्या दोन अक्षरांत मावणारा सर्वांत मोठा आकडा जो ६५,५३५, तितक्या ट्रॅकच्या पलीकडे ती वाढत नाही. ज्या वेळी संपूर्ण डिस्कवर दोन हजार ट्रॅक असत, त्या वेळी हा आकडा बत्तीस डिस्कांहून मोठा होता. तो कोणी गाठील असे स्वप्नातही आले नसेल. ३३९० डिस्कच्या मापाने आज तो सुमारे ३७१ कोटी अक्षरांचा होतो आणि मोठ्या संस्थांतून तो अपुरा पडू शकतो.

एवढ्या मर्यादा ऐकल्यावर, ही रचना करणारी माणसे अदूरदर्शी होती काय, असा प्रश्न कोणासही पडेल. मला तसे वाटत नाही. अनुक्रमणिका तोंडाशी ठेवली, कारण शोध डिस्कच्या यंत्रणेकडून करून घेता येत होता. पत्ता तीन अक्षरांचा ठेवला, कारण प्रत्येक अक्षर मोलाचे होते. मृत जागा तशीच राहू दिली, कारण मोकळ्या जागांचा हिशेब ठेवण्यास जी स्मृती लागली असती ती यंत्रापाशी नव्हती. साऱ्या पेटीस एकच चिठ्ठी लावली, कारण चारशे चिठ्ठ्यांना जागा कोठून आणावयाची? प्रत्येक मर्यादेच्या मुळाशी एकेका अभावाचा प्रामाणिक हिशेब आहे. पुढे तो अभाव सरला आणि हिशेब मात्र राहिला. कारण दरम्यान असंख्य प्रोग्रॅम त्या हिशेबावर विसंबून लिहिले गेले होते. जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावरही चालतील, हे आश्वासन ह्या यंत्रमालिकेने आपल्या ग्राहकांना दिले आणि दीर्घकाळ पाळले. दिलेला शब्द पाळावयाचा म्हणजे जुन्या घरातील गैरसोयही पुढे चालवावी लागते.

म्हणूनच सुधारणा झाली ती जुने न मोडता. १९९०च्या सुमारास आयबीएमने पीडीएसई नावाची नवी लायब्ररी आणली. बाहेरून ती जुन्यासारखीच दिसते. मेंबरांची नावे तशीच आठ अक्षरी. आतील रचना मात्र निराळी आहे. जागा ४,०९६ अक्षरांच्या पानांनी मोजली जाते, अनुक्रमणिका गरजेप्रमाणे वाढते, पुसलेल्या मेंबरची जागा पुन्हा वापरात येते आणि काँप्रेस करण्याची गरज उरत नाही. निरनिराळे लोक निरनिराळ्या मेंबरांवर एकाच वेळी लिहू शकतात. सोळाऐवजी १२३ तुकड्यांपर्यंत जागा मिळते आणि मेंबरांची संख्या ५,२२,२३६ पर्यंत जाऊ शकते. २०१३ सालानंतर मेंबरच्या मागील आवृत्त्या राखण्याचीही सोय तीत झाली.

तरीही जुनी पीडीएस गेली नाही. नव्या लायब्ररीचा कारभार पाहण्यासाठी प्रणालीचा एक स्वतंत्र भाग आधी जागा व्हावा लागतो. यंत्र सुरू होण्याच्या अगदी आरंभी तो जागा नसतो. त्या घटकेला ज्या लायब्ऱ्या वाचाव्या लागतात, त्या जुन्याच पद्धतीच्या ठेवणे भाग पडते. नवी लायब्ररीही एकाच डिस्कवर राहते. परस्परांशी जोडलेल्या यंत्रसमूहाबाहेरील यंत्राला तीत लिहू दिले, तर ती बिघडू शकते. आणि मोकळी जागा लगेच दुसऱ्याला दिली जात असल्यामुळे, चुकून पुसलेला मेंबर जुन्या युक्तीने परत आणण्याची आशा तेथे धरता येत नाही. एक गैरसोय गेली, तिच्याबरोबर एक आसराही गेला.

मग जुन्या लायब्ररीशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी काय करावे? अनुक्रमणिकेचे तुकडे मागताना हात आखडू नये. एक तुकडा २५६ अक्षरांचा, त्याची आज काहीच मातबरी नाही. अहवाल आणि प्रोग्रॅम एका पेटीत ठेवू नयेत. जागच्या जागी काँप्रेस करण्यापूर्वी प्रत काढावी. लिहिण्याचा अधिकार ज्याला खरोखर लागतो त्यालाच द्यावा. आणि आपली लायब्ररी किती भरली आहे, हे ती भरण्यापूर्वी पाहण्याची सवय लावून घ्यावी. ह्या साध्या गोष्टी आहेत. पण त्या पुस्तकांपेक्षा एका पिढीने दुसरीला तोंडी सांगूनच पुढे गेल्या. मला त्या वयस्क प्रोग्रॅमरने सांगितल्या. आता ती पिढी निवृत्त होत आहे आणि मेनफ्रेमवर नव्याने येणाऱ्या तरुणांना वहीचा वापर शिकविला जातो. तिची पहिली पाने कोणी आणि का आखली, हे बहुधा सांगितले जात नाही. मर्यादा ठाऊक असलेल्या माणसाच्या हाती जुने साधन पुष्कळ काळ सुरक्षित चालते. ठाऊक नसलेल्याच्या हाती ते एका कंसाने कोसळते, हे मी पाहिले आहे.

पेढीवरील दिवाणजींना एक सोय होती. दर वर्षी दिवाळी येई, वहीपूजन होई आणि गतवर्षीच्या अनुभवाने शहाणे होऊन नव्या वहीत अनुक्रमणिकेची पाने थोडी अधिक सोडता येत. संगणकाच्या वहीला असा सण आपोआप येत नाही. तो दिवस माणसाने स्वतः ठरवावा लागतो, आणि जुनी वही भरून वाहण्याच्या आधी ठरवावा लागतो.